काचेच्या पेटीतील बाळ आणि परिचारिकेचे हात

'बाळाला काचेच्या पेटीत ठेवले आहे,' हे वाक्य कानावर पडताच घरातल्यांचा धीर सुटतो. पेटी म्हणजे अखेरचा उपाय, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः ही पेटी, म्हणजेच इन्क्युबेटर, आजार बरा करणारे यंत्र नव्हे. गर्भाशयातील ऊब आणि ओलावा काही काळ उसना देणारी ती जागा आहे. बाळ तिथून सुखरूप बाहेर येते, त्यात रात्रंदिवस पहारा देणाऱ्या परिचारिकांचा वाटा मोठा असतो.

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ अकाली जन्मलेले मानले जाते. २०२० मध्ये जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतात. 'सातव्या महिन्यातले जगते, आठव्यातले जगत नाही' या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक आठवडा जगण्याची शक्यता वाढवतो.

ऊब हेच पहिले औषध

या बाळांची त्वचा पातळ असते आणि त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते. थंडी वाजली तरी ती कुडकुडत नाहीत. ऊब निर्माण करण्यात शरीरातील साखर आणि प्राणवायू खर्ची पडतो. परिणामी रक्तातील साखर घसरते, श्वास अडखळतो. म्हणूनच शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसच्या दरम्यान राखावे लागते. बाळाच्या पोटावर चिकटवलेल्या संवेदकानुसार पेटी उष्णता कमी-अधिक करते. परंतु तो संवेदक निसटला, तर यंत्र बाळ थंड पडल्याचे समजून पेटी अधिक तापवते. त्यामुळे परिचारिका काखेत तापमापक लावून स्वतः खात्री करून घेते. पेटीची दारे वारंवार उघडून ऊब निसटू नये, यासाठी लंगोट बदलणे, तपासणे, दूध देणे ही कामे शक्यतो एकाच वेळी उरकली जातात.

श्वास, दूध आणि स्वच्छता

अपुऱ्या दिवसांचे बाळ मध्येच श्वास घ्यायचे विसरते. हा खंड २० सेकंदांहून अधिक लांबला, तर धोका संभवतो. अशा वेळी तळपायाला किंवा पाठीला हळुवार चोळताच अनेकदा श्वास पुन्हा सुरू होतो. प्राणवायूही मोजूनमापून द्यावा लागतो. १९४० आणि १९५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत तो अतिरिक्त दिल्याने हजारो बालकांना अंधत्व आले होते. त्यामुळे आज रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणावर सतत लक्ष ठेवले जाते आणि जन्मानंतर साधारण चार आठवड्यांच्या आत बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी केली जाते. पालकांनी ही तपासणी चुकवू नये.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमतो. तोवर आईचे दूध बारीक नळीतून थेंबाथेंबाने दिले जाते, पुढे वाटी-चमच्याने. पोट फुगले, हिरवट उलटी झाली, तर परिचारिका तत्काळ डॉक्टरांना कळवते. आईचे दूध अपुरे पडल्यास मातृदुग्धपेढीचा आधार मिळतो. आशियातील पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. मात्र या साऱ्यावर पाणी फिरवू शकतो तो जंतुसंसर्ग. तो टाळण्यासाठी प्रत्येक स्पर्शापूर्वी हात धुण्याला पर्याय नाही.

आईची कूस

कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तीच 'कांगारू मातृसेवा'. भारतासह पाच देशांतील अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मानंतर लगेच ही सेवा मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के, तर प्रचलित पद्धतीने सांभाळलेल्या बाळांमध्ये १५.७ टक्के आढळले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू करण्याची शिफारस केली. त्यामुळे आई ही आता विभागाबाहेर ताटकळणारी पाहुणी राहिलेली नाही. तीही शुश्रूषेतील भागीदार आहे.

यंत्रांवर विसंबून चालत नाही, याची विदारक जाणीव ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात विभागाला लागलेल्या आगीने करून दिली. तीत १० बालकांनी प्राण गमावले. पेट्या खरेदी करणे सोपे असते. विद्युतव्यवस्थेची नियमित तपासणी आणि प्रत्येक पाळीत पुरेशा प्रशिक्षित परिचारिका ठेवणे कठीण. कृत्रिम श्वासावरील बाळामागे एक परिचारिका असणे योग्य मानले जाते. एकीवर अनेक बाळांचा भार पडला, तर निसटलेला संवेदक किंवा थांबलेला श्वास वेळीच ध्यानात येणार कसा? म्हणून रुग्णालयात किती पेट्या आहेत, एवढेच विचारून पालकांनी थांबू नये; रात्रपाळीत त्यांच्याजवळ किती परिचारिका असतात, हेही आवर्जून विचारावे.