विश्लेषण : मासा मोठा, म्हणून बेकायदा! बास मासेमारी स्पर्धांना मापाच्या नियमातून सूट कशी मिळते?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात लेक फोर्क नावाचा जलाशय आहे. गळाने मासे पकडणाऱ्यांची ही पंढरी. टेक्सासमधील आजवरचा सर्वांत वजनदार लार्जमाउथ बास १९९२ मध्ये याच पाण्यात सापडला. त्याचे वजन १८.१८ पौंड, म्हणजे सव्वाआठ किलो होते. मात्र याच जलाशयात वीस इंची बास गळाला लागला, तर तो होडीत ठेवता येत नाही. लगेच पाण्यात सोडावा लागतो, नाहीतर दंड. अडचण अशी, की बासच्या स्पर्धेत बक्षीस मिळते ते दिवसभर होडीत जपून ठेवलेल्या आणि संध्याकाळी काठावर तोललेल्या माशांना. ज्या माशावर लाखो डॉलर लागलेत, तोच ठेवायला बंदी असेल तर स्पर्धा घ्यायची कशी?

स्पर्धा चालते कशी?

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याच्या स्पर्धांना मोठ्या व्यवसायाचे रूप दिले रे स्कॉट या विमा एजंटाने. त्याने १९६७ मध्ये आर्कान्सामधील बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली आणि पुढे ‘बास’ ही संघटना उभी केली. आज तिच्या ‘बासमास्टर क्लासिक’ या मुख्य स्पर्धेतील विजेत्याला तीन लाख डॉलर मिळतात. प्रत्येक स्पर्धकाचे दिवसभरातले सर्वांत वजनदार पाच मासे धरले जातात. मासे होडीतल्या ‘लाइव्हवेल’मध्ये, म्हणजे सतत हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाकीत जिवंत राहतात. सहावा मोठा मासा मिळाला की पाचांतला सर्वांत छोटा सोडून द्यायचा. संध्याकाळी वजन होते आणि मासे परत पाण्यात जातात. जिवंत सोडण्याची ही प्रथाही स्कॉटनेच १९७२ मध्ये स्पर्धांमध्ये आणली. मासा मेलेला आणला तर सहसा चार ते आठ औंस वजन कापले जाते.

इथेच कायद्याची मेख आहे. स्पर्धकाच्या दृष्टीने टाकीतला मासा तात्पुरता पाहुणा असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र टाकीत ठेवलेला मासा म्हणजे ताब्यात घेतलेला मासा. तो संध्याकाळी सोडणार की तळून खाणार, याचा फरक मत्स्य विभागाचा अधिकारी टाकीचे झाकण उघडून पाहतो तेव्हा पडत नाही.

मापाचे नियम कोणते?

सर्वांत जुना आणि समजायला सोपा नियम किमान लांबीचा. टेक्सासमध्ये लार्जमाउथ बाससाठी सर्वसाधारणपणे १४ इंच, अनेक राज्यांत १२ इंच. माशाला किमान एकदा तरी प्रजननाची संधी मिळावी, हा हेतू. आयोजक यापेक्षा कडक माप ठरवू शकतात, सैल नाही. मापात न बसणारा मासा वजनाला आणला तर अनेक स्पर्धांत तो बाद होतोच, वर एकूण वजनातून एक पौंड कापला जातो. जिथे जिंकणारा आणि हरणारा यांच्यात कधी कधी एका औंसाचे, म्हणजे २८ ग्रॅमचे अंतर असते, तिथे हा दंड फार महाग पडतो.

मोजण्याचीही रीत ठरलेली आहे. मासा पट्टीवर आडवा ठेवायचा, तोंड बंद, शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जुळवून. शेपटी चिमटीत धरली की लांबी थोडी वाढते. कुठे ही चिमूट सक्तीची, कुठे ऐच्छिक. त्यामुळे जुने जाणते स्पर्धक काठावरचा मासा ठेवण्याचा मोह टाळतात.

दुसरा प्रकार ‘स्लॉट लिमिट’. यात लांबीचा मधला पट्टाच संरक्षित असतो. लेक फोर्कवर १६ इंचांपर्यंतचे मासे ठेवता येतात, २४ इंच आणि त्याहून मोठा दिवसाला एकच ठेवता येतो, पण मधले सगळे सोडायचे. छोटे मासे भरपूर असतात. त्यातले काही काढले की उरलेल्यांना खाणे पुरते आणि त्यांची वाढ जोमाने होते. मधल्या मापाचे मासे जगले तर उद्याचे महाकाय मासे तयार होतात. लेक फोर्कची ख्याती टिकण्यात या नियमाचा मोठा वाटा आहे.

मग लेक फोर्कवर स्पर्धा कशी झाली?

थोडे गणित करू. माशाचे वजन ढोबळमानाने लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २४ इंची मासा १६ इंचीपेक्षा दीडपट लांब, पण वजनाने जवळपास ३.४ पट. सोळा इंची बास साधारण दोन-सव्वादोन पौंडांचा भरतो. म्हणजे कायद्याने ठेवता येणारे पाच छोटे मासे मिळून दहा-अकरा पौंड. त्यात नशिबाने एखादा २४ इंची. लेक फोर्कच्या पाण्यात याच्या दुप्पट वजनाचे पाच मासे मिळू शकतात, पण ते बहुतेक बंदीच्या पट्ट्यातले. मोठ्या बक्षिसाच्या काही हौशी स्पर्धा इथे चक्क नियमाला साजेसे गट पाडतात: १६ इंचांखालच्या माशांचे वेगळे बक्षीस, २४ इंचांवरच्यांचे वेगळे. तिथे रेषेच्या किंचित आतला मासा कमाई करून देतो आणि त्याहून तिप्पट वजनाचा मासा हळहळत पाण्यात सोडावा लागतो.

व्यावसायिक स्पर्धेला हे परवडणारे नव्हते. २०१९ मध्ये ‘बासमास्टर एलिट’ मालिकेची फेरी लेक फोर्कवर आली तेव्हा नियम वाकवण्याऐवजी स्पर्धेची पद्धत बदलली. प्रत्येक होडीत एक पर्यवेक्षक बसला. मासा लागला की तिथल्या तिथे वजन, नोंद आणि लगेच पाण्यात. मासा टाकीत गेलाच नाही, त्यामुळे ‘ताब्या’चा प्रश्नही आला नाही. प्रेक्षकांना मंचावर काहीतरी दिसावे म्हणून २४ इंचांवरचा एक मासा काठावर आणण्याची मुभा कायद्यातच होती. ब्रँडन कॉबने चार दिवसांत ११४ पौंड, म्हणजे जवळपास ५२ किलो वजन नोंदवून ती फेरी जिंकली. रोजच्या दहा-अकरा पौंडांच्या हिशेबात हा आकडा स्वप्नातही आला नसता.

त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘बास प्रो टूर’ने तर हीच पद्धत मूळ नियम म्हणून घेतली. होडीत पंच, आणि ठरावीक किमान वजनाच्या वरचा प्रत्येक मासा गुणांत. सुरुवातीला ही मर्यादा एक पौंड होती. लांबीच्या पट्टीची जागा तिथे वजनकाट्याने घेतली.

फ्लोरिडाची वाट वेगळी का?

फ्लोरिडाने स्पर्धा बदलायला न सांगता परवान्यातून सूट दिली. १ जुलै २०१६ पासून तिथे राज्यभर सोपा नियम आहे: दिवसाला पाच बास, त्यातला १६ इंच किंवा त्याहून मोठा एकच. हा नियम स्पर्धेला जसाच्या तसा लावला तर टाकीत एक मोठा आणि चार पिल्ले दिसतील. म्हणून आयोजकांना मत्स्य आयोगाकडून आधी परवाना घेता येतो. तो असला की स्पर्धकांना कोणत्याही मापाचे पाच बास वजन होईपर्यंत टाकीत ठेवता येतात. अट मुख्य एकच, मासे जिवंत परत सोडायचे. नियमाचा उद्देश मोठे मासे ताटात जाऊ नयेत हा असेल, आणि स्पर्धेतले मासे ताटात जाणारच नसतील, तर सूट दिल्याने उद्देशाला धक्का लागत नाही, हा यामागचा तर्क.

तर्क नीट आहे. प्रश्न ‘जिवंत’ या शब्दाचा आहे.

सोडलेला मासा खरेच जगतो का?

वजनकाट्यावर शेपटी हलवणारा मासा दोन-तीन दिवसांनीही जिवंत असेलच असे नाही. पाणी गरम असले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, माशाची गरज मात्र वाढते. उन्हाळ्यातल्या स्पर्धांनंतर मागाहून मरणाऱ्या माशांचे प्रमाण वाढते, हे मत्स्य अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. खोल पाण्यातून झटकन वर काढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, त्याला खाली जाता येत नाही. शिवाय मासा पकडला एकीकडे आणि सोडला वीस-तीस किलोमीटरवरच्या धक्क्यावर, असेही होते. त्यातले बरेच मूळ जागी परततच नाहीत. वसंतातल्या स्पर्धांबद्दल तर आक्षेप आणखी टोकदार आहे. बासचा नर घरट्यातल्या अंड्यांची राखण करतो. तो काही मिनिटांसाठी जरी उचलला, तरी टपलेले ब्लूगिल मासे अंडी फस्त करतात. नर संध्याकाळी सुखरूप परत आला तरी राखायला काही उरलेले नसते.

दुसरा सवाल न्यायाचा. सुटीच्या दिवशी मुलाला घेऊन आलेल्या माणसाच्या टाकीत १७ इंची दोन मासे सापडले तर त्याला दंड. शेजारच्या होडीत तसेच पाच असले तरी परवाना आहे म्हणून ती पुढे जाते. तलाव सार्वजनिक, मासेही सार्वजनिक. मोठ्या स्पर्धा हॉटेलांचा आणि छोट्या गावांचा धंदा वाढवतात हे खरे, पण त्या बदल्यात अटी काटेकोर हव्यात. त्या दृष्टीने टेक्सासच्या जलाशयावर वापरलेली पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. तिथे सूट मागावीच लागली नाही.

सोडणेच बेकायदा!

जपानच्या बिवा सरोवरात कायदा नेमका उलटा आहे. बास तिथला मूळ मासा नाही. तो स्थानिक मासे खातो. त्यामुळे शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच बंदी घातली. गंमत म्हणजे जॉर्जियात १९३२ मध्ये नोंदला गेलेला २२ पौंड ४ औंसांचा विश्वविक्रम २००९ मध्ये गाठला गेला, तो याच बिवा सरोवरात. एकच मासा एका देशात जपायचा आणि दुसऱ्यात हटवायचा, त्यामुळे मापाचा एकच नियम जगभर असू शकत नाही.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात गळाच्या अशा व्यावसायिक स्पर्धा नाहीत, पण किमान मापाचा नियम आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये पापलेट, सुरमई, बोंबील यांसह ५४ सागरी प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवले. इथे प्रश्न बक्षिसाचा नसून पोटाचा आहे. गळाला लागलेला एक मासा सोडता येतो. जाळ्यात आलेली पिल्ले वर येईपर्यंत बहुधा मेलेलीच असतात. त्यामुळे ‘जिवंत सोडा’ ही अट इथे उपयोगाची नाही, जाळ्याच्या आसाचे माप महत्त्वाचे ठरते.

आता पट्टीही मोबाइलमध्ये

मापाच्या वादातून सर्वांत स्वस्तात सुटका करून घेतली ती कयाकवरच्या स्पर्धांनी. छोट्या कयाकमध्ये मोठी टाकी मावतच नाही. स्पर्धक मासा मोजपट्टीच्या फळीवर ठेवतो, शेजारी त्या दिवसाचे ओळखचिन्ह ठेवतो, मोबाइलवर फोटो काढून अ‍ॅपवर टाकतो आणि मासा सोडतो. गुण पाव इंचाच्या हिशेबाने, पाच माशांची एकूण लांबी. फोटोत माशाचे तोंड उघडे दिसले, तर पंच लांबी कापतात. लेक फोर्कवरचा वीस इंची मासाही इथे पूर्ण वीस इंचांचा धरला जातो, आणि मिनिटाभरात पाण्यात परत जातो.