बिडाचा तवा : निगा आणि आरोग्य

रक्तक्षयाच्या रुग्णाशी आहाराविषयी बोलताना पालेभाज्या व कडधान्ये यांच्या जोडीला मी आणखी एक गोष्ट विचारतो, ती म्हणजे स्वयंपाक कोणत्या भांड्यांत होतो? उत्तरात बहुधा स्टील, अॅल्युमिनियम आणि नॉन-स्टिक ही नावे येतात. बिडाचा तवा असतो, पण माळ्यावर! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५३ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५७ टक्क्यांवर गेले. म्हणून या जुन्या भांड्याचा थोडा शास्त्रीय विचार येथे मांडत आहे.

बीड म्हणजे काय?

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, तर बीड ११५० ते १२०० अंशांच्या आसपास. त्यामुळे ते साच्यात ओतणे सोपे जाते. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळांत यंत्रांचे सुटे भाग याच तत्त्वावर घडतात. बिडातील कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असल्याने ते ठिसूळ असते. पत्र्याची लोखंडी कढई पडली तर पोचते. बिडाचा तवा मात्र तडकतो. तो तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो. गार पीठ पडले तरी त्याचे तापमान फारसे उतरत नाही, आणि म्हणूनच घावनाला सुरेख जाळी पडते.

तवा तयार करणे आणि राखणे

नवा तवा दोन-तीन दिवस तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत भिजत ठेवून, पाणी रोज बदलून, मग घासून कोरडा करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यानंतर तेलाचा अगदी पातळ हात देऊन तो मंद आचेवर धूर येईपर्यंत तापवावा, निववावा आणि हीच कृती चार-पाच वेळा करावी. तापलेल्या तेलातील असंतृप्त मेदाम्ले हवेतील प्राणवायूशी संयोग पावून एकमेकांत गुंफली जातात व त्यांचा कठीण, काळा, गुळगुळीत थर धातूला चिकटून बसतो. तेल जास्त झाले तर थर चिकट राहतो. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवण्याची सवय हाच थर रोज थोडा थोडा जोपासते.

पुढची निगा सोपी आहे. गरम तव्यावर गार पाणी ओतू नये. तो पाण्यात बुडवून ठेवू नये. सौम्य साबण क्वचित चालेल, तारेची घासणी नको. धुतल्यावर विस्तवावर कोरडा करून तेलाचे बोट फिरवावे. गंज चढलाच तर जाड मीठ व नारळाची शेंडी यांनी घासून तवा पुन्हा तयार करावा. असा तवा फेकून देण्याचे कारण नाही.

अन्नात लोह किती उतरते?

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सफरचंदाच्या आंबट सॉसमधील लोह लोखंडी भांड्यात शिजवल्यावर १०० ग्रॅममागे ०.३५ मिलिग्रॅमवरून ७.३८ मिलिग्रॅमवर गेले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या इथिओपियातील चाचणीत लोखंडी भांड्यांत शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन वर्षभरात सरासरी १.७ ग्रॅमने वाढले, तर अॅल्युमिनियमच्या भांडी वापरणाऱ्या घरांत ०.४ ग्रॅमने.

येथे एक पेच लक्षात घ्यावा. आंबटपणा, पाणी आणि शिजण्याचा दीर्घ वेळ यांनी लोह अन्नात उतरते; पण याच गोष्टी तव्याचा तेलकट थर खातात. उलट, उत्तम तयार झालेल्या तव्यावर मिनिटभरात सुटणारे घावन फारसे लोह देत नाही. म्हणून दोन भांडी असावीत, असा माझा सल्ला असतो : घावन-डोशासाठी राखलेला बिडाचा तवा, आणि टोमॅटो, चिंच किंवा आमसूल घातलेल्या भाजी-आमटीसाठी साधी लोखंडी कढई. पदार्थ शिजताच स्टीलच्या भांड्यात काढावा, नाहीतर तो काळवंडतो व धातूची चव येते. वर लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबरचा चहा ते घटवतो. मुलामा दिलेल्या बिडाच्या भांड्यांतून हा लाभ मिळत नाही.

मर्यादा

कढई हे औषध नव्हे. गरोदरपणातील एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. भांड्यातून उतरणारे लोह अनिश्चित, आणि त्यातले शोषले जाणारे त्याहून कमी. तेव्हा गोळ्या थांबवू नयेत, आणि अतिरजस्राव, जंत, मूळव्याध यांसारखी रक्तक्षयाची कारणे शोधल्यावाचून राहू नये. थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्यांच्या आणि हिमोक्रोमॅटोसिस असलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. त्यांच्यासाठी लोखंडी भांड्यात रांधू नये. रक्तक्षय म्हटला की लोहाचीच उणीव, असे सरसकट धरणे किती घातक ठरू शकते, हे अशा घरांत कळते.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती इतकीच, की आहाराची चौकशी करताना भांड्यांचाही प्रश्न विचारावा. आणि वाचकांनी माळ्यावरचा तवा खाली काढावा. मात्र गोळी आणि तपासणी चुकवू नये.