शून्य न दाखवणारे आकडे

मे २०२५च्या अखेरीस जपानच्या नाओशिमा बेटावर तादाओ आंदो यांच्या आराखड्याचं आणखी एक संग्रहालय उघडलं आणि कलारसिकांची पावलं पुन्हा तिकडे वळली. इमारतीचं कौतुक व्हायलाच हवं. पण तिथवर गेलेल्याने होनमुरा वस्तीतलं ‘कादोया’ हे सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचं घर मुळीच चुकवू नये.

आत अंधार. जमिनीच्या जागी उथळ पाणी आणि त्या पाण्यात १२५ एलईडी आकडे. प्रत्येक आकडा १ ते ९ मोजतो, विझतो, पुन्हा १ वर येतो. तात्सुओ मियाजिमा यांची ही १९९८ची कलाकृती, ‘सी ऑफ टाइम ’९८’.

सात रेघांचा हा आकडा आपण लिफ्टमध्ये, पेट्रोल पंपावर रोज पाहतो. त्यातल्या सहा रेघा पेटवल्या की शून्य तयार. मियाजिमा ते पेटवतच नाहीत. बौद्ध विचारांतून घडलेल्या या कलावंताच्या लेखी शून्य म्हणजे मृत्यू. तो दाखवायचा तर अंधारानेच, आणि पाठोपाठ मोजणी नव्याने सुरू.

खरी करामत मात्र वेगाची आहे. प्रत्येक आकडा किती भरभर धावणार हे बेटावरच्या एकेका रहिवाशाने ठरवलं. त्यांत ५ वर्षांची मुलं होती, तशी ९५ वर्षांची माणसंही. त्यामुळे सगळ्यांना बांधणारा ताल इथे नाहीच. नजर तो शोधत राहते. दोन आकडे क्षणभर एकत्र विझतात, जुळलं असं वाटतं आणि लगेच ते फाटतात. नियम एका ओळीत मावेल एवढा साधा, पण १२५ वेगांमुळे पुढचं दृश्य सांगता येत नाही.

व्हॅन गॉगची चित्रं भिंतीभर फिरवणारे प्रोजेक्टरचे खेळ मुंबईतही येऊन गेले. तिथे प्रकाश भरपूर, पण सारं आधीच ठरलेल्या चालीवर. पाहणाऱ्याच्या नजरेला काही कामच उरत नाही. प्रकाशकलेची ओळख तेवढ्यावर थांबली तर ते मोठं नुकसान ठरेल.

मियाजिमांनी तोक्योच्या रोप्पोंगी हिल्समध्ये २००३ साली रस्त्यालगत भलेमोठे आकडे उभे केले होते. मार्च २०११च्या भूकंपानंतर ते त्यांनी स्वतः बंद केले. पुढे त्सुनामीग्रस्त तोहोकूसाठी त्यांनी ३००० आकड्यांचा प्रकल्प हाती घेतला. त्यांचे वेगही सामान्य माणसांनीच ठरवायचे आहेत.