विमान न चालवताही हवाई दलात

सुपारीची पाहणी करायला नागावच्या एका वाडीत गेलो होतो. बागायतदार म्हणाले, "साहेब, धाकट्याला हवाई दलात जायचे आहे. पण त्याला चष्मा लागला. नाद सोड म्हणून सांगू का?"

वाचकहो, असे घाईने सांगू नका. नारळ काढायला माडावर एकच जण चढतो; पण खाली सोलणारे, मोजणारे, बाजारात पोचवणारे नसतील तर वाडी चालेल का? हवाई दलाचेही तसेच आहे.

नवा अधिकारी कोणत्याही शाखेचा असो, त्याचा पहिला हुद्दा फ्लाइंग ऑफिसरचाच. उड्डाण शाखेत लढाऊ विमाने, मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टर अशा वाटा आहेत. तांत्रिक शाखेत इंजिनिअर विमाने सज्ज ठेवतात. शिवाय प्रशासन, पुरवठा, हिशेब, शिक्षण आणि हवामान या शाखा आहेत. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने आपल्या वाड्या आडव्या केल्या. वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याचे मोल आपल्याला ठाऊक आहे. विमानांना तोच इशारा हवामान शाखा देते. जमिनीवरच्या शाखांत ठरलेल्या मर्यादेत चष्मा चालतो.

शेतकी पदवीधरालाही ६० टक्के गुण असतील तर 'ॲफकॅट' परीक्षेतून प्रशासन किंवा पुरवठा शाखेचा मार्ग मोकळा आहे. मात्र नोकरीची मुदत आधी विचारून घ्या. अल्पमुदतीच्या नेमणुकीत वैमानिकाला १४ वर्षे मिळतात. जमिनीवरच्या शाखांत १० वर्षे, पुढे ४ वाढू शकतात. कायम नेमणूक असेल तर निवृत्तीच्या वयापर्यंत सेवा. हृषीकेश मुळगावकर (१९७६ ते १९७८) आणि प्रदीप नाईक (२००९ ते २०११) तर हवाई दलाचे प्रमुख झाले.

खरी चूक होते ती अकरावीला. गणित अवघड म्हणून मुले ते सोडतात. बारावीला गणित व भौतिकशास्त्र नसेल तर उड्डाण शाखेचे दार बंद होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून हवाई दलात जायलाही हे विषय लागतात. तिथे २०२२ पासून मुलीही शिकतात, तेव्हा लेकीलाही हेच सांगा. दहावीनंतर तयारीसाठी राज्य शासनाची संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे. प्रवेश परीक्षेने मिळतो.

बागायतदारांना मी एवढेच म्हणालो, "चष्मा असू द्या, दादा. गणित तेवढे सोडू देऊ नका."