खडकवासल्याचा साठा आणि निव्वळ बदल
पावसाळ्यात पुणेकरांचे लक्ष खडकवासल्याच्या आकड्यांकडे असते. मुठा नदीवरच्या या धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी, म्हणजे १९७ कोटी घनफूट. साठा वेळेनुसार बदलतो, म्हणून गणितात तो वेळेचे फलन; त्याला फ म्हणू.

समजा, आज सकाळी सहाला साठा १५० कोटी घनफूट होता आणि उद्या सहाला १७६ कोटी झाला. निव्वळ बदल म्हणजे शेवटच्या किमतीतून सुरुवातीची वजा: फ(ब) − फ(अ) = २६ कोटी, इथे अ ही सुरुवातीची आणि ब ही शेवटची वेळ. उत्तर ऋण आले, तर साठा घटला. मधल्या वेळात पाणी कितीदा चढले-उतरले, याच्याशी या उत्तराला देणेघेणे नाही.

हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही निघतो. पानशेत, वरसगाव, टेमघर या वरच्या धरणांतून आणि पाणलोटातून मिळून सेकंदाला १०,००० घनफूट पाणी येत असेल आणि नदीत व कालव्यात ७,००० सुटत असेल, तर सेकंदाला ३,००० घनफुटांची भर पडते. दिवसाचे सेकंद ८६,४००, गुणाकार २५.९२ कोटी, म्हणजे जवळपास २६ कोटीच. दर सतत बदलत असेल, तर दिवसाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकाची भर-घट बेरजेत धरायची. याच बेरजेचे नेमके रूप म्हणजे संकलन.