बऱ्हाणपूर किती माणसांचे?

1901 च्या जनगणनेत बऱ्हाणपूरची लोकसंख्या 33,341 नोंदली गेली. त्याआधी 1872 मध्ये ती तीस हजारांच्या आतबाहेर होती, म्हणजे तीस वर्षांत जेमतेम तीन-चार हजारांची भर. त्याच 1872 साली मुंबईत साडेसहा लाखांच्या घरात माणसे राहत होती. हे आकडे शेजारी ठेवले की बऱ्हाणपूर म्हणजे तापीकाठचे एक मध्यम गाव वाटते. पण मुंबई अजून सात बेटांची होती, तेव्हा हे शहर साऱ्या मोगली दख्खनचा कारभार पाहत होते. त्या काळी इथे माणसे किती होती, याचा आकडा कोणी लिहून ठेवलेला नाही. तो अंदाज पाण्यावरून, पुऱ्यांवरून आणि मरणावरून बांधावा लागतो.

1400 च्या सुमारास खानदेशचा सुलतान नसीर खान फारुकी याने हे शहर वसवले. त्याआधी फारुकींचे ठाणे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला होते. खुलताबादचे सूफी संत बुरहानुद्दीन गरीब यांच्या नावाने तापीच्या उत्तर तीरावर बऱ्हाणपूर उभे राहिले आणि समोरच्या काठावर झैनाबाद. असीरगडाच्या पायथ्याची वाट उत्तरेतून दक्षिणेत उतरते, तिच्यावरचा हा नाका. त्यामुळे इथे आपोआप कोणी जन्मावे आणि वाढावे यापेक्षा बाहेरून येऊन वसावे, हीच रीत पडली. सोळाव्या शतकात सिंधमधली अस्थिरता सोडून सूफी आणि विणकर आले, त्यांचा सिंधीपुरा झाला. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला, मग सुभेदार आले, शहजादे आले आणि त्यांच्यामागे लष्कर आले.

लष्कर हा शब्द आपण सैनिकांपुरता वापरतो. मोगल छावणीत मात्र एका शिपायामागे मोतद्दार, बाजारबुणगे, वाणी, लोहार, बायकामुले असा मोठा लबेदा असे. अशी छावणी वर्षानुवर्षे शहराला लागून राहिली की शहराची घनता कोणत्याच मूळ रहिवाशाच्या हातात राहत नाही. पाणी तर सगळ्यांनाच लागते.

त्या गर्दीला मिळालेले उत्तर आजही जमिनीखाली आहे. अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीत, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी भुयारी नळांनी शहराकडे वळवले गेले. योजना इराणी जाणकाराची होती. ठरावीक अंतरावर कुंड्या खणल्या, त्या वरून विहिरीसारख्या दिसतात. आतून त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि पाणी केवळ उताराने, मोटेशिवाय आणि रहाटाशिवाय, जाळी करंज या हौदापर्यंत येते. अशा एकूण आठ जलयोजना होत्या. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण आणि कुंडी भंडारा ही त्यांतली ठळक नावे. तापीसारखी नदी दाराशी असताना कोणी उगाच आठ-आठ योजना खणत नाही. शंभरावर कुंड्यांचा तो सारा पसारा हीच माझ्या मते त्या काळच्या बऱ्हाणपूरची जनगणना आहे.

ही गर्दी ओसरायला लागली ती दुष्काळाने. 1630 ते 1632 च्या काळात गुजरात आणि दख्खन होरपळत होते आणि त्याच वेळी शाहजहान दरबार घेऊन बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. 1631 च्या जूनमध्ये मुमताज महल इथेच बाळंतपणात गेली, तिला प्रथम झैनाबादच्या आहूखान्यात पुरले. पर्यटकांना तेवढेच सांगितले जाते. दरबारी इतिहासकार लाहोरीच्या बादशाहनाम्यात मात्र याच शहरातल्या लंगरांची आणि दर सोमवारी गरिबांना वाटलेल्या पाच हजार रुपयांचीही नोंद आहे. आसपासच्या मुलखातून भुकेली माणसे शहरात लोटली असणार आणि त्यांतली कितीतरी इथेच मेली असणार. त्या मृतांची मोजदाद कोणी केली नाही, ही मला या शहराच्या इतिहासातली सगळ्यांत बोचणारी उणीव वाटते.

पुढे 1635 च्या सुमारास दख्खनचा कारभार औरंगाबादेकडे गेला. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये आला तेव्हा त्याला बरेचसे पडझड झालेले, गवताने शाकारलेल्या घरांचे शहर दिसले. पण इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जात असल्याचेही त्याने लिहून ठेवले. दरबार गेला तरी माग राहिले, आणि मागामागे माणसे राहिली.

1681 च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजा बऱ्हाणपूरवर चालून आल्या. मराठी वाचकाला ही मोहीम ठाऊक असते ती लुटीसाठी. मोगल इतिहासकार खाफीखानाने दिलेला तपशील मी वस्तीच्या नजरेने वाचतो. बहादुरपुरा आणि त्याखेरीज शहराभोवतीच्या आणखी सतरा वस्त्या लुटल्या गेल्या, असे तो लिहितो. म्हणजे राजधानी हलून जवळजवळ अर्धशतक लोटल्यावरही तटाबाहेर अठरा नांदत्या, श्रीमंत वस्त्या होत्या! त्यांची वाताहत झाली. 1731 मध्ये निजामुल्मुल्काने विटांचा नवा तट आणि दरवाजे बांधले, तेव्हा शहर आत आक्रसलेले होते. उदगीरच्या लढाईनंतर 1760 मध्ये ते पेशव्यांकडे आले, मग शिंद्यांकडे, आणि 1860 नंतर इंग्रजांकडे.

रेल्वे आली ती लालबागला, शहरापासून दोन-तीन किलोमीटर लांब. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी मिल ही कापडगिरणी उभी राहिली आणि मग पॉवरलूम घराघरांत शिरले. 1991 मध्ये लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या जवळ, 2001 मध्ये सुमारे 1 लाख 94 हजार आणि 2011 मध्ये 2 लाख 10 हजारांवर. शेवटच्या दशकात शहर साधारण आठ-नऊ टक्क्यांनी वाढले, तर 2003 मध्ये खंडव्यातून वेगळा निघालेला जिल्हा 19 टक्क्यांवर. केळीच्या पट्ट्यात आणि आदिवासी पाड्यांत वस्ती वाढत राहिली, शहराचा वेग मात्र मंदावला. मागावरची कमाई वाढत्या कुटुंबाला पुरत नाही, हे मला त्यामागचे मोठे कारण वाटते.

जिल्ह्याची घनता 2011 मध्ये चौरस किलोमीटरला 221 होती, मध्य प्रदेश राज्याची 236. यावरून बऱ्हाणपूर मोकळेढाकळे वाटेल. ही सरासरी सातपुड्याच्या जंगलाने खाली ओढली आहे. जुन्या पुऱ्यांतल्या गल्ल्यांत गोष्ट निराळी आहे. तिथे जमिनीलगतच्या खोलीत माग असतो आणि घर त्याच्या मागे किंवा वर. माणसांनी झोपावे, मुलांनी अभ्यास करावा ती जागा यंत्राने घेतलेली असते. घनतेच्या कोष्टकात माणूस मोजला जातो, माग मोजला जात नाही.

पाण्याचे म्हणाल तर 2022 मध्ये प्रत्येक ग्रामीण घरात नळ पोचल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा बऱ्हाणपूर हा देशातला पहिला जिल्हा ठरला. 2024 मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला. दोन्ही गोष्टींचा मनापासून आनंद आहे. पण नळाला पाणी यायचे तर ते जमिनीत असायला हवे, आणि केळीला पाणी फार लागते. भंडाऱ्यांचे झरे ज्या पायथ्यातून भरतात, तिथल्या विहिरी, कूपनलिका आणि नव्या वस्त्या यांची नोंद 2021 मध्ये न झालेल्या आणि आता व्हायच्या जनगणनेबरोबरच पुऱ्यापुऱ्याने व्हावी, आणि तीत घरातला मागही लिहिला जावा.