कॅरेटसकट की कॅरेट सोडून?

डेटा साठवणारी यंत्रं आणि एका यंत्रात अनेक यंत्रं चालवणारी प्रणाली विकणाऱ्या कंपन्या पुण्यात अधूनमधून सादरीकरणं ठेवतात. खरेदी करणाऱ्या संस्थांची माणसं तिथे असतातच, शिवाय माझ्यासारख्या तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्यांनाही बोलावणं असतं. आधी कंपनीची ओळख, मग ग्राहकांच्या बोधचिन्हांनी भरलेली स्लाइड, मग आकडे, आणि शेवटी प्रात्यक्षिक. सुरुवातीची काही वर्षं मी हे आकडे वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यायचो आणि घरी आल्यावर त्यांचं काय करायचं ते कळायचं नाही. आकडा ऐकताना तो मोजायला आपल्या जवळ काहीतरी लागतं. मला ते गावाकडेच सापडलं, नारायणगावच्या पूर्वेला, खोडदला.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला जीएमआरटीच्या तबकड्या नव्याने सांगायला नकोत. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा अशा सगळीकडून शाळा तिथे येतात. गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली ही रेडिओ दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभी केली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांतल्या 14 मध्यभागी साधारण एका चौरस किलोमीटरमध्ये, उरलेल्या 16 तीन दिशांना पसरलेल्या. दोन टोकांमधलं जास्तीत जास्त अंतर सुमारे 25 किलोमीटर. तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं की तिच्या जाळीतून सरळ आभाळ दिसतं. स्टेनलेस स्टीलची तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. रेडिओ लहरी लांब असल्यामुळे त्यांना ही जाळी आरशासारखी वाटते, आणि वारा मात्र आरपार जातो. पत्र्याची तबकडी करायची तर तिला तोलायलाच किती लोखंड लागलं असतं!

सादरीकरणाला जायच्या आदल्या रात्री मी वहीच्या पहिल्या पानावर या दुर्बिणीचा हिशेब मांडतो. दुर्बिणीची क्षमता 2019च्या सुमारास वाढवली गेली. आता ती एका वेळी 400 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकू शकते. एवढ्या पट्ट्यातलं काही निसटू द्यायचं नसेल तर सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक तबकडीतून लहरींच्या दोन ध्रुवणांचे दोन संकेत निघतात, म्हणजे 30 तबकड्यांचे 60. हे संकेत प्रकाशतंतूंवरून मधल्या इमारतीत येतात. 60 गुणिले 80 कोटी म्हणजे सेकंदाला 48 अब्ज नमुने. सोयीसाठी एका नमुन्याला एक बाइट धरला तर सेकंदाला 48 गिगाबाइट. 10 टेराबाइटची डिस्क साडेतीन मिनिटांत भरेल. फिरती डिस्क सेकंदाला 200 मेगाबाइट लिहिते असं मानलं, तर नुसतं लिहून घ्यायला 240 डिस्क एकदम लागतील.

इतकं सगळं कोणी साठवत नाही. मधल्या इमारतीत एफपीजीए चिप्स आणि ग्राफिक्स कार्डं बसवलेली संगणकांची रांग आहे. ती प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संकेताशी त्या क्षणीच गुणून बघते. 30 तबकड्यांच्या जोड्या होतात 435. स्वतःशीच गुणलेल्या 30 धरल्या तर 465. पट्ट्याचे 2,048 बारीक भाग केले आणि दोन ध्रुवणं घेतली की एका फेरीला 19 लाखांच्या आसपास संख्या निघतात. प्रत्येकीला आठ बाइट दिले तर सुमारे 15 मेगाबाइट. दर 2.7 सेकंदांची सरासरी काढून त्या लिहिल्या, तर तासाला जमतात फक्त 20 गिगाबाइट. सेकंदाला 48 गिगाबाइट आत येतात आणि तासाभराने 20 उरतात! कुठल्याही कंपनीच्या स्लाइडवर मी एवढी मोठी कपात पाहिलेली नाही. ती कपात साठवणुकीच्या पेटीने केलेली नाही. खगोलशास्त्रज्ञाला काय हवंय हे ठाऊक असलेल्या गणिताने केलेली आहे.

पल्सारचं काम निघालं की त्याच इमारतीतली भूक वेगळी होते. पल्सार म्हणजे ठरावीक तालात लुकलुकणारा तारा, आणि काही पल्सार सेकंदात कितीतरी वेळा लुकलुकतात, त्यामुळे तिथे दोन-तीन सेकंदांची सरासरी चालत नाही. पट्ट्याचे 4,096 भाग, दर 81.92 मायक्रोसेकंदांना एक नोंद आणि नोंदीतल्या प्रत्येक भागाला एक बाइट, असा हिशेब केला तर सेकंदाला बरोबर 50 मेगाबाइट येतात, तासाला 180 गिगाबाइट. आकाश तेच, तबकड्या त्याच, आणि डेटा नऊ पट. हे पान वहीत असलं की मी सभागृहात निर्धास्त बसतो.

पहिली स्लाइड बहुतेक वेळा क्षमतेची. ‘120 टेराबाइट’. एकदा घरी मी हा आकडा आमच्या तात्यांसमोर बोललो. तात्या म्हणजे माझे चुलते, आयुष्यभर नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घातलेले. त्यांनी लगेच विचारलं, “कॅरेटसकट का कॅरेट सोडून?” टोमॅटोचा भाव 20 किलोंच्या कॅरेटवर ठरतो. पत्रावळीपासून ट्रॅक्टरपर्यंत काहीही विकत घेताना तात्या हाच प्रश्न विचारतात. मी तो तिथून उचलला.

कॅरेट सोडून किती? 10 टेराबाइटच्या 12 डिस्क म्हणजे 120. दोन डिस्क एकदम बिघडल्या तरी डेटा वाचावा म्हणून दोन डिस्कइतकी जागा पडताळणीच्या माहितीला जाते. उरले 100. एक डिस्क राखीव ठेवली की 90. डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि संगणक बऱ्याचदा 1,024च्या पाढ्याने मोजतो. त्या मोजणीत हेच 90 टेराबाइट पडद्यावर 82च्याही खाली दिसतात. शिवाय पेटी काठोकाठ भरली की तिची गती पडते. यात फसवणूक कुठेच नाही, सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. फक्त विचारावं लागतं.

त्यानंतरच्या स्लाइडवर मात्र मी जास्त वेळ थांबतो. तिथे ‘5:1’ असं मोठ्या अक्षरात असतं आणि तळाशी बारीक टाइपात ‘प्रत्यक्ष परिणाम वेगळे असू शकतात’. म्हणजे एका टेराबाइटच्या जागेत पाच टेराबाइट मावतील. हे होतं दोन तऱ्हांनी. एक, सारखे तुकडे शोधून त्यांची एकच प्रत ठेवायची आणि बाकीच्या ठिकाणी नुसती खूण करायची. दोन, तुकड्यातली पुनरुक्ती दाबून तो लहान करायचा. दोन्हींचा पाया एकच: डेटात काहीतरी पुन्हा पुन्हा यायला हवं.

आभासी यंत्रांच्या बाबतीत ते खरोखर येतं. एका सर्व्हरवर हायपरवायझर नावाचा थर बसवला की त्यावर अनेक आभासी यंत्रं चालतात, आणि प्रत्येकाला वाटतं की पूर्ण संगणक आपलाच आहे. कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती व्हीएम/370 नावाने बाजारात आणली, आणि 1998 साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती साध्या सर्व्हरवर आणली. समजा, अशी 100 आभासी यंत्रं आहेत आणि प्रत्येकात 40 गिगाबाइटची तीच प्रणाली बसवलेली आहे. बेरीज 4,000 गिगाबाइट, पण 100 प्रती जवळपास एकसारख्या. इथे 5:1 सोडा, त्याहून कितीतरी जास्त कपात होते.

आता हीच पेटी खोडदला नेऊन ठेवा. आकाशातून येणारा रेडिओ संकेत हा नुसता गोंगाट असतो. आताचा क्षण मागच्या क्षणासारखा नाही, पुढचा यातल्या कशासारखाच नाही. जे दुसऱ्यांदा येत नाही त्याची एकच प्रत कशी ठेवणार? गुणाकार करून सरासरी काढलेल्या संख्यांतसुद्धा शेवटचे अंक गोंगाटाचेच असतात. म्हणून एका सादरीकरणात मी हात वर करून विचारलं, हे पाचास एक कोणाच्या डेटावर मोजलंत? वक्त्याने थोडा वेळ स्लाइडकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, “आभासी डेस्कटॉपवर.” मला तो माणूस आवडला. त्या दिवशीची माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाची माहिती ती होती.

खोडद हे टोक झालं असं कोणी म्हणेल. तर मग आंबेगाव तालुक्यातली कुठलीही बेताच्या आकाराची पतसंस्था डोळ्यांपुढे आणा. तिच्याकडे खात्यांची प्रणाली आहे, हिशेबाची आहे, हजेरीची आहे, आणि शाखांमधल्या कॅमेऱ्यांचं चित्रण आहे. पहिली तिन्ही आभासी यंत्रांत आनंदाने राहतील, चार जुने सर्व्हर जाऊन दोन नवे येतील, विजेचं बिल उतरेल. पण जागेचा मोठा वाटा कॅमेऱ्यांचा असतो, आणि ते चित्रण कॅमेऱ्यातूनच दाबून आलेलं असतं. दाबलेलं पुन्हा दाबता येत नाही. पाचास एकचा हिशेब धरून पेटी घेतली तर ती ठरल्यापेक्षा फार लवकर भरेल. त्यात आठ यंत्रांना एकेक टेराबाइटचा शब्द दिलेला आणि प्रत्यक्षात पाचच हातात, अशी जागेची उधारीची सोय असते, ती भरत आल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही तर आठही यंत्रं एकाच दुपारी थांबतात. म्हणून प्रात्यक्षिकात मी नेहमी ‘भरत आली’ हा इशारा कुठे दिसतो, कोणाच्या फोनवर जातो, ते दाखवायला सांगतो.

गतीची स्लाइड मी लवकर उरकतो. ‘सेकंदाला 10 लाख वाचन-लेखनं’ असं असलं तर एक वाचन केवढं ते विचारायचं. 4 किलोबाइटचं असेल तर झाले सेकंदाला साधारण 4 गिगाबाइट. ही नुसती वाचनं होती का, आणि डिस्कवरून झाली की स्मृतीतून, हेही विचारायचं. आभासी यंत्रांची आणखी एक खोड आहे. प्रत्येक यंत्र आपापली फाइल ओळीने वाचत असतं, पण वीस यंत्रांच्या ओळी एकाच दारात आल्या की त्यांची सरमिसळ होते आणि खालच्या डिस्कला सगळं विस्कळीत दिसतं. बाजाराच्या दारात प्रत्येक शेतकऱ्याची पिकअप आपल्या जागी नीट भरलेली असते, गोंधळ होतो तो दारात. म्हणून एका यंत्रावर मोजलेली गती मी लिहितच नाही.

प्रात्यक्षिकात डिस्क ओढून काढतात आणि पडद्यावरचं काम चालूच राहतं. टाळ्या पडतात. माझा प्रश्न त्यानंतरचा असतो: नवी डिस्क घातल्यावर ती भरून यायला किती वेळ? 10 टेराबाइट सेकंदाला 200 मेगाबाइटने लिहायचे तर 50,000 सेकंद, म्हणजे जवळजवळ 14 तास, तेही दुसरं काही काम नसेल तर. त्या 14 तासांत वीज गेली, दुसरी डिस्क गेली, तर काय होतं हे ऐकायला सभागृहात फारच थोडे लोक थांबलेले असतात.

सगळ्यांत शेवटी विचारतो तो प्रश्न बाहेर पडण्याचा. दहा वर्षांनी ही पेटी बदलायची झाली तर माझा डेटा कुठल्या रूपात बाहेर येईल? जीएमआरटीची नोंद तिच्या स्वतःच्या एलटीए रूपात होते, पण खगोलशास्त्रज्ञ ती फिट्स या रूपात बदलून घेतात. फिट्स 1981 सालापासून जगभर चालतं आणि कुठल्याही एका कंपनीचं नाही. टेपा गेल्या, डिस्क आल्या, डिस्कही बदलल्या, रूप वाचता येत राहिलं. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनकाळचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञात दान दिलेल्या गाई आणि कार्षापणांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. दगड दोन हजार वर्षं टिकला. पण ब्राह्मी वाचणारं कोणी उरलं नव्हतं, आणि ती लिपी पुन्हा उलगडली 1837च्या सुमारास, जेम्स प्रिन्सेपच्या हातून. मधली कित्येक शतकं डेटा जागेवर होता आणि वाचता येत नव्हता. साठवणुकीच्या पेट्यांवर लिहिताना मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, आणि सादरीकरणात तिला जवळपास जागाच नसते.

घरी आल्यावर दोन दिवसांच्या आत लिहायला बसतो, नाहीतर वक्त्याचे शब्द माझेच वाटू लागतात. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारलेली असते. डावीकडे मी डोळ्यांनी पाहिलेलं: डिस्क काढली तेव्हा काम चालू होतं, इशारा चार मिनिटांनी आला. उजवीकडे मला सांगितलेलं: पाचास एक, 10 लाख वाचनं. उजवीकडचं काही लिहायचंच झालं तर ‘कंपनीचं म्हणणं’ हे शब्द त्याच वाक्यात घालतो. जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च कंपनीने केला असेल तर तेही पहिल्याच परिच्छेदात लिहितो, वाचकाला ते आधी कळायला हवं. मग वहीचं पहिलं पान उघडून उरलेले प्रश्न खोडदच्या हिशेबासकट कंपनीला पाठवतो. बहुतेक वेळा विक्री विभागाकडून आभाराचं पत्र येतं. कधीकधी मात्र आतला कोणी अभियंता आठवड्याभराने सविस्तर उत्तर लिहितो, आपल्या पेटीत असा डेटा घालून पाहिल्याचं सांगतो, आणि मिळालेलं गुणोत्तर कळवतो: 1.1 ला 1.